मनातल्या मनात वीसपर्यंत

मला थांबता येत नाही, हा माझा जुना रोग आहे. आई म्हणायची, ही पोरगी दूध तापायच्या आधीच साय काढायला बसती. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गणिताच्या तासाला सगळ्यात जास्त बोलणी मी खाल्ली, आणि तीसुद्धा उत्तर चुकलं म्हणून नव्हे, लवकर दिलं म्हणून.

दादांच्या वर्गात एक नियम होता. फळ्यावर गणित पडलं की उत्तर आलेल्याने लगेच हात वर करायचा नाही. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं आणि मग हात वर. त्यांचं म्हणणं असं, की मागे बसलेल्या पोरांनाही उत्तर येत असतं, फक्त उशिरा येतं. पुढच्यांचे हात सटासट वर गेले की मागची पोरं डोकं चालवायचं सोडून देतात. मला हा नियम म्हणजे शुद्ध छळ वाटायचा. मी दहापर्यंत मोजून हात वर करायची आणि दादा माझ्याकडे न बघता म्हणायचे, "अजून दहा बाकी आहेत."

ते निवृत्त झाले आणि आम्ही जिंतूर तालुक्यातलं गाव सोडून परभणीत राहायला आलो. दोनेक वर्षांत त्यांची जीभ जड व्हायला लागली. आधी 'र' गेला, मग 'ळ' गेला, मग त्यांचं बोलणं आईखेरीज कुणाला कळेना. डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, याला औषध नाही, हळूहळू हातपायही जातील. वर धीर म्हणून म्हणाले, "पण बुद्धीला काही होणार नाही." मला त्या माणसाचा असा राग आला! सगळ्यात वाईट बातमी त्याने सगळ्यात गोड आवाजात दिली होती.

दादा काही महिने पाटीवर लिहून बोलले. मग पेन्सिल बोटांत ठरेना. मी तेव्हा स्टेशन रोडवरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. एकोणतीस वर्षांची, लग्नाचा पत्ता नाही, आणि दिवसभर पोरांना सी भाषा शिकवून घसा बसवून घेणारी. क्लासने टाकून दिलेलं एक जुनं मशीन मी रिक्षात घालून घरी आणलं. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉप्या, हार्डडिस्क नाही. त्यावर मी दादांसाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर मुळाक्षरं मांडलेली असायची, एक चौकोन ओळीओळीने आणि मग अक्षराअक्षरावरून सरकायचा. हवं त्या अक्षरावर चौकोन आला की दादांनी लांब पट्टीचं बटण दाबायचं. दाबलं की ते अक्षर खाली उमटायचं. आम्ही त्याला पाटीच म्हणायचो.

अडचण अशी, की दादांची गरज दर आठवड्याला बदलायची. आज ही ओळ वर हवी, उद्या तो शब्द तयार हवा. प्रत्येक वेळी मला क्लासवर जाऊन सीमधला सगळा मजकूर कंपायलरमधून, म्हणजे त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्राममधून, काढून नवी पाटी बांधावी लागायची. या बांधण्याला आम्ही बिल्ड म्हणायचो. घरच्या मशीनवर कंपायलर बसत नव्हता. म्हणून मी पाटीच्या पोटात एक छोटं इंजिन बसवलं. फ्लॉपीवर एक साधी फाईल ठेवायची, तिच्यात नियम लिहायचे, आणि इंजिनाने ते वाचून पाटी चालवायची. नियमांचे शब्द मराठीच होते, फक्त इंग्रजी अक्षरांत टाईप केलेले: पुढे, मागे, घे, पूस, मोज. नियम बदलायला बिल्ड लागायचा नाही.

माझी कल्पना अशी होती की नियम मी लिहीन. पण दादांना अजून डाव्या हाताची दोन बोटं होती आणि गणित शिकवणाऱ्याची हाव होती. महिनाभरात त्यांनी माझी ती इवलीशी भाषा शिकून घेतली आणि स्वतःचे नियम लिहायला लागले. त्यांनी पहिला नियम केला तो असा, की सुरुवातीला 'च' घेतला तर आपोआप 'चहा' उमटावा. आई म्हणाली, "बघ, जीभ गेली पण चव काय जाईना." दादा हसले. त्या फाईलीला ते नियमांची वही म्हणत, आणि ती वही वाढतच गेली. कुठल्या अक्षरानंतर कुठलं येण्याचा संभव, कुठली ओळ आधी, कुठली नंतर. वाढता वाढता ती इतकी मोठी झाली की माझं इंजिन दमायला लागलं. ते प्रत्येक वेळी वहीतली प्रत्येक ओळ पहिल्यापासून वाचायचं. दादांनी बटण दाबलं की पाटी चारपाच सेकंद नुसती गप्प बसायची.

घरात आम्हाला त्याची सवय झाली होती. आई पोळ्या लाटता लाटता एक वाक्य पुरं व्हायची वाट बघायची. लाईट गेली की अर्धं वाक्य जायचं, ते पुन्हा पहिल्यापासून. चाललं होतं. वेगाची निकड मला लागली ती गुरुजींमुळे.

गुरुजी म्हणजे दादांचे मित्र. गावच्या शाळेत दोघं बारा वर्षं बरोबर होते, दादा गणिताला आणि गुरुजी इतिहासाला. दोघं मिळून पोरांची सहल चारठाण्याच्या देवळांना न्यायचे. गुरुजी शिल्पं समजावून सांगायचे आणि दादा पोरांना खांब मोजायला लावायचे. गुरुजी बौद्धवाड्यातले. आमच्याकडे त्यांचा कप वेगळा नव्हता, हे मी मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात सांगायची. तेवढं पुरेसं आहे असं मला वाटायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगावचे बौद्धवाडे पेटवले जायला लागले. एका दुपारी गुरुजी आमच्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले. पायात चपला नव्हत्या. म्हणाले, "सर, आजच्या दिवस बायकोला न् लेकरांला तुमच्याकडं ठिवून घेता का? उद्या सकाळी पूर्णेला धाडून देतो." दादा दारात उभे होते आणि मी त्यांच्या पाठीमागे. समोरच्या ओट्यावर गावातली चारपाच माणसं बसलेली होती आणि ती आमच्याकडेच बघत होती. दादा काहीच बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. गुरुजी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. किती वेळ, ते मला आज सांगता येणार नाही, पण फार वेळ. मग "बरं, सर," म्हणाले आणि गेले.

त्यांचं घर जळलं. ती सगळी रानात जाऊन बसली होती म्हणून वाचली. पुढे गुरुजींनी पूर्णेकडे बदली करून घेतली. आमच्या घरात त्या दुपारचा विषय कुणी काढला नाही, आणि न काढण्यात मीही होतेच.

दादा आजारी आहेत हे कळल्यावर गुरुजी आले. चौदा वर्षांनी. आले, लोखंडी खुर्चीवर बसले, दादांचा हात हातात घेतला आणि पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधल्या गमती सांगत बसले. त्यांचा मुलगा रेल्वेत लागला होता. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते यायचे. जेवणं झाल्यावर यायचे, तासभर बसायचे, चहा घ्यायचे, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे आणि "निघतो, तीनची गाडी हाय," म्हणून उठायचे. आईने जेवायचा किती आग्रह केला तरी कधी जेवले नाहीत.

त्या वर्षी थंडी सरतासरता एका रविवारी दादांनी गुरुजींसमोर पाटीवर लिहायला घेतलं. एरवी ते 'बरा आहे', 'पोरं कशी' एवढंच लिहायचे. त्या दिवशी अक्षरं एकामागून एक उमटत गेली: त्या दिवशी दारात. तासभर गेला तेवढ्यात. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "राहू द्या सर. गाडी हाय. पुढच्या खेपेला."

पुढची खेप होळीच्या आदल्या दिवशी आली. दादांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवशी दारात मी, आणि मग नुसता 'ग'. पुढे पाटी विचार करत बसली आणि गुरुजी घड्याळाकडे बघून उठले. मला पुढचा शब्द माहीत होता. मी तिथेच होते ना, त्यांच्या पाठीमागे. गप्प.

गुरुजी गेल्यावर मी म्हटलं, "दादा, महिनाभर वेळ आहे. सगळं वाक्य आधीच लिहून ठेवू. ते आले की पडद्यावर दाखवू." दादांनी लिहिलं: पाठ केलेलं उत्तर नको. थोड्या वेळाने आणखी एक शब्द लिहिला: तोंडावर. झालं, त्यापुढे बोलणंच खुंटलं. वर्गातही पाठ करून आणलेलं उत्तर त्यांनी कधी चालवून घेतलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की पाटीच पळवायची. दादांचं डावं बोट दिवसेंदिवस मंदावत होतं, त्यांच्याजवळ किती रविवार उरले होते कुणास ठाऊक, आणि गुरुजींच्या गाडीआधी ते वाक्य पुरं व्हायला हवं होतं. माझ्या आयुष्यात इतक्या महत्त्वाचं काम मला कुणी दिलेलं नव्हतं, आणि हे तर मीच मला दिलं होतं.

क्लासची पहिली बॅच आठला असायची. मी सहालाच जाऊन बसायची. इंजिनाने वही दर वेळी वाचण्याऐवजी सुरू होतानाच एकदा वाचावी, प्रत्येक ओळीचे आकडे करून ठेवावेत आणि पुढे फक्त आकड्यांवर काम करावं, असं मी ते नव्याने लिहिलं. जे शब्द दादा जास्त वापरायचे ते तपासणीत पुढे आणले. कंपायलरला सांगितलं, फाईल मोठी झाली तरी चालेल पण वेग हवा. वाटेतल्या सगळ्या तपासण्या बंद केल्या. रोज एक बिल्ड करायची आणि रोज घड्याळ लावून बघायची. चार सेकंदांचे तीन झाले, तिनाचा एक झाला. मी हवेत होते. आई म्हणायची, "येवढ्या पहाटं काय करायलीस गं तिथं?" मी म्हणायची, "दादांची जीभ घडवायलीय." काय तो माझा डौल.

मग मी इंजिनालाच विचारलं की तुझा सगळ्यात जास्त वेळ जातो कुठे. उत्तर आलं: 'मोज' या शब्दात. दादांच्या वहीत जागोजागी यंत्राला एकपासून तीनशेवीसपर्यंत मोजायला लावलेलं होतं. त्या मोजणीचा पुढे कुठे उपयोग नव्हता. मोजायचं आणि सोडून द्यायचं. ज्या मोजणीतून काही निष्पन्न होत नाही ती गाळून टाकावी, हे मी क्लासमध्ये पोरांना शिकवत होते, परीक्षेत त्यावर प्रश्न काढत होते. मला वाटलं, दादांनी शिकता शिकता काहीतरी करून बघितलं असेल आणि पुसायचं राहिलं असेल. मी इंजिनात दोन ओळी घातल्या: निकामी मोजणी दिसली तर तिच्यावरून उडी मार. ती मोजणी कशाला आहे, हे दादांना विचारायला मला एक मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही.

शनिवारी दुपारी शेवटचा बिल्ड झाला. क्लासच्या मशीनवर मी स्वतः पाटी चालवून बघितली. चौकोन टणाटण उड्या मारत होता आणि माझं बोट प्रत्येक अक्षर बरोबर टिपत होतं. तेच वाक्य मी पुरं लिहून बघितलं. चार मिनिटं लागली. मी एकटीच टाळी वाजवली. फ्लॉप्यांची चणचण म्हणून नवी पाटी जुनीवरच उतरवली आणि घरी आले. घरी लाईट नव्हती. रविवारी सकाळीही नव्हती. ती आली गुरुजी यायच्या जेमतेम अर्धा तास आधी, आणि नेमकी तेव्हा आई दादांना अंघोळ घालत होती.

पाडवा होऊन गेला होता, ऊन चांगलंच तापलं होतं. मी टेबलफॅन मशीनकडे वळवून ठेवला. गुरुजी आले, खुर्चीवर बसले. मी पाटी सुरू केली आणि दादांचं बोट पट्टीवर ठेवलं. मी गुरुजींना म्हटलं, "आज बघा, गाडी चुकणार नाही तुमची."

चौकोन पळायला लागला. दादांनी दाबलं. भलतंच अक्षर आलं. त्यांनी ते पुसायचं ठरवलं, तर पुसण्याच्या खुणेवर बोट पोचेपर्यंत चौकोन पुढे गेलेला. पुन्हा भलतंच. पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आला, आई तो पदराने टिपत राहिली. पडद्यावर कशाला काही लागत नव्हतं, नुसता अक्षरांचा काला झाला होता. दादा थांबायचे, डोळे मिटायचे, पुन्हा दाबायचे. अर्धा तास त्यांनी हे केलं. गुरुजी खुर्चीत पुढे सरकून पडद्याकडे बघत होते, प्रत्येक अक्षर ओठांत लावून बघत होते. शेवटी दादांनी बोट उचललं आणि बाजूला ठेवलं. त्यांना आपणहून बोट बाजूला ठेवताना मी पहिल्यांदाच बघत होते.

आणि मी काय केलं? गुरुजींकडे वळून म्हणाले, "हात गेला वाटतं आता." हळूच म्हणाले, पण दादांचे कान शाबूत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गुरुजी खुर्चीत मागे टेकले. मग घड्याळाकडे बघितलं. "बरं, सर," म्हणाले, आणि गेले.

संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून रडत होते तेव्हा आई म्हणाली, "हात कुठं गेलाय त्यांचा? दुपारी अंघुळीच्या वेळी माझा पदर सोडीनात. तुझं यंत्रच धावायलंय." मी फ्लॉपीवरची नियमांची वही उघडली, जी मी इतक्या दिवसांत इंजिनाला वाचायला दिली होती पण स्वतः कधी धड वाचली नव्हती. मोज ३२०. त्याच्या वर एक ओळ होती, सुरुवातीला चांदणी असलेली. चांदणीची ओळ म्हणजे माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप, इंजिन ती वाचत नाही. दादांनी लिहिलं होतं: मागे बसलेल्यांसाठी.

माझ्या भाषेत 'थांब' हा शब्दच नव्हता. मला तो सुचलाच नव्हता. म्हणून दादांनी यंत्राला मोजायला बसवलं होतं. प्रत्येक अक्षरावर चौकोन आला की ते मोजायचं आणि तेवढ्या वेळात त्यांचं बोट पोचायचं. खाली जुने आकडेही त्यांनी चांदणी लावून ठेवलेले होते: दोनशे, दोनशेचाळीस, दोनशेऐंशी. बोट मंदावत गेलं तसे ते आकडा वाढवत गेले होते. पाटीत दोन थांबे होते, एक माझ्या इंजिनाचा आणि एक दादांचा. माझा निकामी होता, त्यांचा नव्हता. मी दोन्ही काढून टाकले. आता नुसता आकडा वाढवून भागणार नव्हतं, कारण माझं नवं इंजिन मोजणीवरून उडीच मारत होतं. क्लासला कुलूप होतं आणि किल्ली मालकाकडे. रविवारचे मालक कुठे भेटतात?

सोमवारी सहाला मी त्या दोन ओळी काढल्या आणि इंजिनात 'थांब' हा शब्द घातला. वेगाचं काम हाती घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी जुन्या पाटीचा एका अक्षरावरचा वेळ मी घड्याळ लावून मोजला होता, तेवढाच ठेवला. माझा निकामी वेळ गेला, त्यांचा हवा तो वेळ राहिला. पाटी पहिल्यापासून जशी असायला हवी होती तशी आत्ता झाली. घरी येऊन मी दादांच्या पलंगाशी खाली बसले. म्हटलं, "दादा, तुमचा हात गेलेला नाही. मी तुमची मोजणी काढून टाकली होती." दादांनी बोट पट्टीवर ठेवलं. चौकोन सावकाश सरकला. त्यांनी एकच शब्द लिहिला.

वीस.

मी रडता रडता हसले. त्यांच्याही डोळ्यांच्या कडांना ते हसू दिसलं. मी म्हटलं, "आत्ताच्या गाडीनं पूर्णेला जाते आणि गुरुजींना घेऊन येते." दादांनी लिहिलं: त्याच्या वेळेने. मी वाद घातला. एरवी मी कुणाचं ऐकत नाही, मग नेमकं त्या दिवशीच का ऐकलं? कदाचित बॅच बुडवायच्या नव्हत्या म्हणून. खरं कारण मला आजही नीट सांगता येत नाही आणि त्याचाच मला त्रास होतो.

दहाव्या दिवशी दादांच्या छातीत कफ भरला. दवाखान्यात त्यांना नेलं ते परत आणलं नाही. मातीला गुरुजी आले होते. सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी कडी वाजली. दार उघडलं तर गुरुजी. नेहमीच्या वेळेला आले होते. आईने पाणी दिलं. ते त्याच लोखंडी खुर्चीवर बसले. पलंग आम्ही अजून हलवला नव्हता. मी त्यांना सगळं सांगितलं, एका दमात, मोजणीचं, उडीचं, मी 'हात गेला' म्हणाले त्याचं. शेवटी म्हटलं, "तुमची तीनची गाडी चुकू नये म्हणून मी हे केलं, गुरुजी."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "गाडी तर पाचलाबी हाय, पोरी."

"मग तुम्ही तीनच्या गाडीलाच का उठायचात?"

"भ्या वाटायचं." ते पलंगाकडे बघत होते. "तुमच्या ओट्याम्होरं मी त्या दिवशी लय वेळ उभा होतो. सर बोलतील, आता बोलतील. तवापासून मनाशी ठरवलं होतं, सरांच्या दारात जास्ती थांबायचं न्हाई. सरांनी लिहायला घेतलं न् मला तेच आठवलं. पुन्यांदा थांबलो न् पुन्यांदा काही आलंच न्हाई तर? म्हणून उठायचो. त्या शेवटच्या रविवारी थांबायचं ठरवूनच आलो होतो. सातची गाडी धरीन म्हणून पोराला सांगून आलो होतो. न् नुसती भलतीच अक्षरं यायलीत. मला वाटलं, सरांच्या मनात न्हाई. आताबी न्हाई."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत निघून गेली.

मी घाईघाईने म्हटलं, "गुरुजी, त्यांच्या मनात होतं. पुढचा शब्द मला माहीत आहे. मी तिथे होते. मी सांगते तुम्हाला, ते काय म्हणणार होते."

"नको," गुरुजी म्हणाले. रागावून नव्हे, वर्गात म्हणावं तसं. "ते सरांचं उत्तर हाय. तू हात वर करू नको."

उत्तर येत होतं तरी मी हात वर केला नाही. जन्मात पहिल्यांदा.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते चालू कर बरं जरा." बैल गेला आणि झोपा केला, तशी ती सुधारलेली पाटी टेबलावर पडून होती. मी फ्लॉपी घालून ती सुरू केली. हिरवी अक्षरं आली. चौकोन पहिल्या अक्षरावर थांबला, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. प्रत्येक अक्षरावर दादांच्या बोटाला लागायचा तेवढा वेळ. पट्टीवर कुणाचं बोट नव्हतं. गुरुजींनी खुर्ची पुढे ओढली आणि गुडघ्यांवर हात ठेवून ते पडद्याकडे बघत बसले. चौकोन शेवटच्या अक्षरापर्यंत जायचा आणि पुन्हा पहिल्यावर यायचा. मी मनातल्या मनात मोजत होते. वीस झाले, पुन्हा एकपासून सुरू केलं.

तीन वाजले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. आईने पान वाढून आणलं आणि काही न बोलता त्यांच्यासमोर ठेवलं. ते जेवले. पुढच्या संक्रांतीला नामांतर झालं, पण गुरुजी त्या रविवारनंतर आमच्याकडे कधी आले नाहीत.

त्या दिवशी मात्र ते सातच्या गाडीने गेले.